झांबेझीवर कनू, मानापूल्सला पायी : ७१ वर्षांच्या बाबांना नेता येईल का?

मेघना_ज

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं मनात घोळत असलेला बेत आता कागदावर उतरलाय, म्हणून हा धागा. पुढच्या सप्टेंबरात मी (वय ४८) आणि माझे बाबा (वय ७१) झिंबाब्वेला जायचं म्हणतोय. आधी झांबेझी नदीवरचं करिबा धरण बघायचं, मग खाली नदीकाठच्या चिरुंडूला उतरायचं. तिथून मानापूल्सपर्यंत झांबेझीतून कनूने (वल्ह्याची अरुंद होडी) चार दिवस, रात्री बेटांवर तंबू. आणि मग मानापूल्सच्या जंगलात तीन दिवस पायी.

करिबा कशाला, असं सगळे विचारतात. आजोबा कोयना प्रकल्पावर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा बाबा कोयनानगरच्या वसाहतीत झोपले होते, वय १४. पुढे ते स्वतः पाटबंधारे खात्यात अभियंता झाले. धरणाच्या साठ्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की पुस्तकात कोयनेच्या आधी एक नाव येतं ते करिबाचं. तिथला मोठा धक्का सप्टेंबर १९६३ चा, तलाव काठोकाठ येत असताना. "आपल्या धरणाचं थोरलं भावंड आहे ते, एकदा बघायचंय," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. कनू आणि पायी चालणं ही माझी हौस.

बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गुडघे ठणठणीत, दर रविवारी पांडवलेणी चढतात. वल्हं मात्र आयुष्यात हातात धरलेलं नाही. तर प्रश्न असे : त्यांना कनूत बसवावं का? आधी कनू करावी की आधी चालावं? आणि आम्ही दोघंही शाकाहारी आहोत, त्याचं काय?

कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

भटका_सह्याद्री

वाचतोय. मानापूल्स हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. कुठे आलं ते?

लुसाकाकर

मेघना, मी अकरा वर्षं लुसाकात आहे, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर. आधी भटक्यांना उत्तर देतो.

झांबेझी करिबाच्या घळीतून बाहेर पडली की डोंगर मागे सरतात आणि नदी रुंद, संथ होते. उजव्या काठाला झिंबाब्वे, डाव्या काठाला झांबिया. उजव्या काठावर मानापूल्स. शोना भाषेत माना म्हणजे चार. नदीने पूर्वी कधीतरी पात्र बदललं तेव्हा मागे राहिलेले चार मोठे डोह, त्यांवरून हे नाव. त्यातला सर्वांत मोठा सहा किलोमीटर लांब आहे. १९८४ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. समोर आमच्या बाजूला लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यान. त्यामुळे हत्ती सकाळी एका देशात आणि दुपारी दुसऱ्या देशात असतात, मधल्या बेटांवरचं गवत खायला पोहत जातात.

आता तुमचा बेत. सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये वारा फार असतो, आणि तो नेमका समोरून, पूर्वेकडून येतो, वल्हवणाऱ्याचे खांदे निघतात. ऑक्टोबरात पारा चाळिशीपार जातो. पावसाळ्यात तिथली काळी माती अशी होते की गाडी जागची हलत नाही, बहुतेक कॅम्प बंदच असतात.

डॉ_अनुजा

मेघना, बाकीचे कनूबद्दल सांगतील, मी विमानाबद्दल सांगते, कारण तुमच्या प्रकरणात तोच मोठा मुद्दा आहे.

मुंबईहून आफ्रिकेला जायला अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट सहज मिळतं. पण इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही पीतज्वराच्या यादीतले देश. तिथून येणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडे उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सवलत मिळते, पण ती तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मान्यतेवर. आता कोणी म्हणेल, मग लस घ्या की. तुम्ही जरूर घ्या, एकदा घेतली की जन्मभर चालते, फक्त निघायच्या किमान दहा दिवस आधी. पण साठीपुढच्यांना या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच ती घ्यायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. माझं ऐकाल तर तिकीटच दुबईमार्गे काढा. हरारेला आणि लुसाकाला दुबईहून विमान आहे. गरजच उरणार नाही. तरी काढण्यापूर्वी त्या वेळचे नियम एकदा बघून घ्या.

मलेरियाला मात्र पळवाट नाही. झांबेझीचं खोरं म्हणजे मलेरियाचं घर. प्रतिबंधक गोळ्या हव्यातच. त्यातली डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण तिने कातडी उन्हाला हळवी होते, आणि तुम्ही चार दिवस उघड्या पाण्यावर असणार. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलबद्दल विचारा. जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परत आल्यावर सात दिवस चालू. हे सात दिवस लोक विसरतात आणि मग पुण्यात तापाने फणफणतात. परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "आफ्रिकेतून आलोय" हे सांगा.

खादाडखाऊ

शाकाहाराची चिंता सोडा. मी हरारेत तीन वर्षं नोकरी केली. साडझा म्हणून मक्याच्या पिठाचा प्रकार असतो, घट्ट उकडीसारखा. हाताने गोळा मोडायचा, मधे अंगठ्याने खळगा करायचा आणि पालेभाजीत बुडवायचा. आपल्या हाताला शिकवावं लागत नाही. झांबियात त्यालाच न्शिमा म्हणतात. कनूवर स्वयंपाकही तुमच्याबरोबरची माणसंच करतात, आधी सांगितलं की डाळ-भात-भाजी देतात. सोबत मेतकूट, लसणाची चटणी आणि भाजलेला रवा न्या. सकाळी गरम पाणी मिळालं की उपमा तयार.

दर्याकिनारी

@खादाडखाऊ, तुम्ही कापेंटा विसरलात! करिबाची सुकट. बोटभरसुद्धा नसते ती मासळी. साठच्या दशकात टांगानिका सरोवरातून आणून करिबात सोडली. रात्री दिवे लावलेल्या होड्या निघतात तिच्यासाठी. कांद्या-टोमॅटोत परतलेली खाल्ली आणि मला थेट आमच्या अलिबागच्या घरचा जवळा आठवला. मेघनाताईंसाठी नाही, पण दुसरं कोणी जाणार असेल तर सोडू नका.

विदर्भवीर

मी सप्टेंबरमध्ये नागपूरची संत्री नेऊ का हे विचारणार होतो, पण सप्टेंबरात संत्री नसतात :)

लुसाकाकर

विदर्भवीर, गंमत नाही, मानापूल्समध्ये लिंबूवर्गीय फळं न्यायला खरोखरच मनाई आहे. संत्री, मोसंबी, लिंबू काहीच नाही. हत्तींना त्याची चटक लागली होती, वासावर येऊन गाड्या आणि तंबू उचकटायचे. माणसांच्या फळांपायी जनावरांचा जीव जातो, म्हणून हा नियम. मेघना, लिंबाचं लोणचंसुद्धा घरी ठेवा. कैरीचं न्या, आणि तेही स्वयंपाकाच्या पेटीत राहू दे. तंबूत खाण्याचा कणही नको.

वाट_वाकडी

थोडं विरोधी बोलते, राग मानू नका. पहिल्यांदा आफ्रिकेला जाताय, सोबत सत्तरी ओलांडलेले वडील, आणि थेट पाणघोड्यांच्या नदीत? माझा अनुभव सांगते. आम्ही चोबे (बोट्स्वानातलं राष्ट्रीय उद्यान) आणि व्हिक्टोरिया धबधबा केला, जीपमधून, मोठ्या बोटीतून. सासूबाई ७४ च्या होत्या, दमल्या नाहीत, पोटभर प्राणी दिसले. धाडस हवंच तर ओकावांगोच्या पाणथळीत मोकोरो (अरुंद होडी) करा. तिथे मागे उभा राहून तिथलाच माणूस लांब काठीने नाव ढकलतो, तुम्ही फक्त बसायचं. झांबेझीवर तुम्हाला स्वतः वल्हवायचं असतं. चार दिवस. नदीच्या मध्यावर "मला जमत नाही" म्हणून उतरता येत नाही.

आणि विमा. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याने परतल्यावर खांद्याच्या दुखण्याचा दावा लावला, तर पॉलिसीत कनू आणि कयाक "साहसी खेळ" म्हणून वगळलेले निघाले. एजंटने विकताना सगळं चालतं म्हणून सांगितलं होतं. मेघना, कनूचा उल्लेख आणि जंगलातून विमानाने उचलून आणण्याचा खर्च, दोन्ही लेखी घ्या.

रानवाटा

वाट_वाकडी यांचा विम्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. बाकीच्याशी असहमत. मी २०१८ च्या सप्टेंबरात नेमकी हीच सहल केली आहे, चिरुंडू ते मानापूल्स, साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणून जरा लांब लिहितो.

कनू दोघांची असते. पुढचा ताकद लावतो, मागचा दिशा धरतो. वाटाड्याची कनू सगळ्यांत पुढे, बाकीच्या तिच्यामागे एका ओळीत, आणि ओळ मोडायची नाही. पहिल्या दिवशी सकाळी काठावरच दोन तास शिकवलं. त्यातली अर्धी शिकवण पाणघोड्याची. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे धावतो. म्हणजे त्याच्या आणि खोल पाण्याच्या मधे तुम्ही असता कामा नये. खोल पात्र त्याचं, उथळ पाणी आपलं. एवढं एक कळलं की सगळी सहल कळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर वाटाड्याने हात वर केला आणि वल्ह्याच्या दांड्याने कनूच्या कडेवर ठोकलं. ठक, ठक, ठक. आपण येतोय हे त्यांना कळावं म्हणून. आधी मला पाण्यात फक्त दगड दिसले. मग एका दगडाला कान फुटले, ते गरकन फिरले आणि पाणी उडालं. मोजले, नऊ होते. आम्ही काठाला इतके चिकटून गेलो की वेताएवढं गवत उजव्या कानाला घासत होतं आणि वल्हं तळाच्या वाळूत रुतत होतं. नऊचे आठ झाले. एक बुडाला होता. वाटाडा न बोलता पाण्यावरच्या बुडबुड्यांकडे बघत होता. बुडबुड्यांची रेघ आमच्यापासून लांब, मधल्या धारेकडे गेली, तेव्हा त्याने मान हलवली आणि आम्ही निघालो. तिथे त्याला घाई नव्हती आणि लाजही नव्हती. पुढे एका ठिकाणी वाट मोकळी नव्हती तर कनू काठावर चढवून अर्धा तास चहा केला.

म्हणून मेघना, कॅम्प किती छान, तंबूत पलंग आहे का, हे शेवटी बघा. आधी वाटाड्या कोण ते विचारा. झिंबाब्वेत व्यावसायिक वाटाड्याचा परवाना मिळवणं फार कठीण आहे. आधी लेखी परीक्षा, मग काही वर्षं जाणत्या हाताखाली उमेदवारी, बंदुकीची परीक्षा, आणि शेवटी रानातच परीक्षक घेऊन बसतात ती कसोटी. हा पूर्ण परवाना असलेला माणूसच तुम्हाला पायी नेऊ शकतो. कनूचा परवाना वेगळा. तुमच्या सहलीत दोन्ही आहेत, तेव्हा दोन्ही परवाने असलेला एकच माणूस शेवटपर्यंत मिळाला तर सोन्याहून पिवळं. चार दिवसांत त्याला तुमची चाल, तुमचा दम, तुमची भीती कळलेली असते.

क्रमाबद्दल : आधी कनू, मग चालणं. पाण्यावरून जनावर बघायची सवय झाली की जमिनीवर छाती कमी धडधडते.

भटका_सह्याद्री

जबरदस्त लिहिलंय रानवाटा. रात्री बेटावर भीती नाही वाटली?

रानवाटा

वाटली. पाणघोडे रात्री चरायला बाहेर येतात आणि त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, गवतात गुळगुळीत चर पडलेला दिसतो. त्या चरावर तंबू लावायचा नाही. तंबूची चेन लावली की आत तुम्ही सुरक्षित, पण रात्री उठून नदीकडे जायचं नाही, काहीही झालं तरी. संध्याकाळी पाचनंतर मी पाणी पिणं कमी केलं होतं. तिसऱ्या रात्री तंबूबाहेर चार हातांवर गवत उपटल्याचा आवाज येत होता, करकर, करकर, मधेच एक सुस्कारा. तासभर. मी बायकोचा हात धरून पडून होतो. पहाटे बघितलं तर ताटाएवढे ठसे.

अंघोळ बादलीने, घोट्याएवढ्या पाण्यात, तीही वाटाड्या दाखवेल तिथेच. मगरी आहेत. कनूतून हात बाहेर सोडायचा नाही.

वनराई

चालण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. मी वनखात्यातून निवृत्त झाले, मेळघाटात बरीच वर्षं होते. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पात पर्यटकाने जीपमधून पाय खाली ठेवायचा नसतो, आणि वाघाच्या गर्दीत ते योग्यच आहे. पण बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेल्यांना विचारा, इंजिन बंद असलेलं जंगल काय असतं ते. मानापूल्सला मला ते दिवसाढवळ्या मिळालं.

तिथे नदीकाठी अॅना नावाचं झाड आहे. बाभळीच्या कुळातलं, पण प्रचंड. त्याची रीत उलटी आहे. पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवंगार असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं रान वाळलेलं असताना याच्या शेंगा पडतात, विलायती चिंचेसारख्या वळलेल्या, नारिंगी-तपकिरी. सगळी जनावरं त्या झाडाखाली गोळा होतात. खाली गवत-झुडूप फारसं नाही, त्यामुळे लांबवर दिसतं, आणि म्हणूनच तिथे पायी चालणं शक्य आहे. मेघना, सप्टेंबर निवडलात ते फार बरं केलंत.

आम्ही एका वारुळाला पाठ टेकून बसलो होतो. वाटाड्याने खिशातली राखेची पुरचुंडी झटकून वारा पाहिला आणि तळवा जमिनीकडे दाबला, म्हणजे बसा. एक नर हत्ती शेंगा वेचत वेचत आमच्याकडे आला. पावलांचा आवाज नाही. शेंग दाढेखाली फुटल्याचा आवाज तेवढा. इतका जवळ आला की पापण्यांचे केस मोजता आले असते. सोंडेचं टोक जमिनीवर फिरवून त्याने एक शेंग उचलली, फुंकून माती उडवली, खाल्ली आणि आमच्या बाजूने निघून गेला. नोकरीत इतकी वर्षं रानात काढली, पण मला तिथे रडू आलं.

तिथले काही नर मागच्या दोन पायांवर उभे राहून उंच फांद्या ओढतात. त्यातला बॉसवेल हा तर जगभर प्रसिद्ध झाला. पण त्या एका चित्रासाठी छायाचित्रकार हत्तीच्या पुढ्यात रांगत जातात, तेही दहा-दहा जण. मला ते आवडलं नाही. तो हत्ती खायला उभा राहतो, आपल्यासाठी नाही. वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला लांबून बघायचंय. चांगला वाटाडा खूश होतो.

सुमेध_पुणे

वनराईताई, असहमत. त्या चित्रांमुळेच मानापूल्स लोकांना कळलं आणि कळलं म्हणून टिकलं. मी स्वतः पोटावर सरपटत फोटो काढले आहेत, वाटाडा सोबत होता, हत्तीने ढुंकूनही पाहिलं नाही.

वनराई

सुमेध, तुमच्यासोबत वाटाडा होता, ठीक. पण त्या हत्तीला तुम्ही एक दिवस दिसलात, त्याला असे लोक रोज दिसतात. टिकण्याचंच म्हणाल तर तिथले काळे गेंडे आठवा. शिकाऱ्यांनी इतके मारले की उरलेले नव्वदच्या दशकात उचलून दुसरीकडे हलवावे लागले. प्रसिद्धीने ते वाचले नाहीत. पहारा करणाऱ्यांचं मनुष्यबळ आणि पैसा लागतो. सहलीचा पैसा तिकडे जात असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

सुमेध_पुणे

हे मान्य. पुढच्या वेळी लांबची लेन्स नेईन.

पक्षीवेडी

सप्टेंबर म्हटल्यावर राहवेना! काठाच्या उभ्या मातीत किरमिजी वेड्या राघूंची बिळं असतात, शेकडो. आपला हिरवा वेडा राघू तारेवर बसतो तो आठवा, आणि तोच मोठा, शेंदरी-किरमिजी रंगात. कनूतून ती भिंत नजरेच्या उंचीवर येते. शिवाय मत्स्यगरुडाची हाक. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण न्या, त्याहून जड नको.

डॉ_अनुजा

कपड्यांबद्दल : निळा आणि काळा रंग नको. मोपानी झाडांच्या रानात त्सेत्से माशी असते, तिला हे दोन रंग ओढतात आणि ती जीन्समधूनही चावते. चालताना पांढराही नको, लांबून चमकतो. खाकी, मातकट, फिकट हिरवा घ्या. छोट्या विमानाने जाणार असाल तर चाकांची बॅग चालत नाही, मऊ पिशवी लागते, आणि वजन पंधरा किलोच्या आसपास.

घाटावरचा

अवांतर होतंय, पण काकांसाठी लिहितो. मीही स्थापत्यवाला. करिबाची भिंत १२८ मीटर उंच, दुहेरी वक्रतेची काँक्रीट कमान. बांधकाम चालू असताना १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षं महापूर आले आणि कामाची नासधूस झाली. तिथले टोंगा लोक म्हणाले, नदीचा देव न्यामीन्यामी कोपला. त्या तलावाखाली सत्तावन्न हजार टोंगा माणसांची गावं गेली. जनावरं बेटांवर अडकली तेव्हा त्यांना सोडवायला मोहीम काढली, माणसांना मात्र ट्रकमध्ये भरून कोरड्या माळावर नेऊन सोडलं. कोयनेची विस्थापित घरं माझ्या आजोळी आहेत, म्हणून हे वाचताना पुढे सरकता येत नाही. काका गेले तर टोंगा लोकांशीही बोलून या म्हणावं.

वाट_वाकडी

घाटावरचा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मेघना, मूळ प्रश्न मागे पडला. बाबांचं काय ठरतंय?

मेघना_ज

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांना रोज रात्री धागा वाचून दाखवते. रानवाटांचे बुडबुडे त्यांनी दोनदा वाचायला लावले. तिकीट दुबईमार्गे करतोय. आता गंगापूर धरणावर बोटीचा सराव करून बघायचं ठरलंय, मग कळवते.

लुसाकाकर

उत्तम. आणि एक : झिंबाब्वेत रोख डॉलर लागतात, सुटे. एक, पाच, दहाच्या नोटा भारतातूनच न्या. फाटकी नोट कोणी घेत नाही.

मेघना_ज

अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय.

गंगापूरला सहा रविवार केले. बाबा पाऊण तास छान वल्हवतात, मग डावा खांदा धरतो. आठवड्याभराने पुन्हा तेच. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी चालायला बिनधास्त परवानगी दिली, पण दिवसाला पाच-सहा तास उन्हात वल्हवायला नको म्हणाले. मी गुपचूप सगळाच बेत रद्द करायच्या विचारात होते. बाबांनी परस्पर दुसरा मार्ग काढला. ते स्वतःच लिहितील म्हणतात, खाली त्यांचं आहे, मी फक्त टंकलंय.

मेघना_ज

सर्वांस सप्रेम नमस्कार. मी मेघनाचा वडील.

आपण सर्वांनी माझ्यासाठी इतका वेळ खर्च केलात, त्याबद्दल ऋणी आहे. निर्णय असा केला आहे. करिबाला दोघेही तीन दिवस राहू. आमचं कोयना वजनाच्या जोरावर उभं आहे, करिबा कमानीच्या जोरावर. पाण्याचा सगळा रेटा ती दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर टाकते. हे मी कित्येक वर्षं कनिष्ठ अभियंत्यांना फळ्यावर काढून दाखवलं, पण त्या भिंतीवर हात ठेवलेला नाही. तो ठेवायचा आहे. दरवाज्यांतून पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी खडकात खोल डोह कोरला, तो रुंद करून भिंतीला निर्धोक करण्याचं काम तिथे हाती घेतलं गेलं, तेही बघायचं आहे. श्री. घाटावरचा यांनी टोंगा लोकांबद्दल लिहिलं ते वाचून दोन रात्री झोप नीट लागली नाही. कोयनेच्या वेळी आमच्या वसाहतीत वीज आली आणि आजूबाजूची गावं उठली, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना भेटण्यासाठी एक दिवस राखला आहे.

त्यानंतर मेघना चिरुंडूहून कनूने निघेल. तिच्या कनूत मागे वाटाड्याचा मदतनीस बसेल. मी गाडीने, मारोंगोराच्या कचेरीत परवाना घेऊन, मानापूल्सच्या नदीकाठच्या कॅम्पवर पुढे जाईन. पुढचे तीन दिवस पायी मात्र मी तिच्याबरोबर आहे. चालण्याचं वय माझ्याकडे अजून आहे. कॅम्पवाल्यांनी कळवलं आहे की संध्याकाळी तासभर काठाकाठाने मलाही कनूतून नेतील, मी फक्त बसायचं. तेवढं पुरे.

चौथ्या दिवशी दुपारी चारपासून मी काठावर खुर्ची टाकून, पश्चिमेकडे तोंड करून, दुर्बीण घेऊन बसणार आहे. पहिली कनू वळणावर दिसली की रुमाल हलवीन.

डॉ_अनुजा

काका, रुमाल खाकी घ्या. आणि गोळ्या, परत आल्यावरही सात दिवस.

रानवाटा

काका, मेघनाला सांगा, शेवटच्या वळणाआधी डाव्या अंगाला एक वाळूचं बेट लागलं तर वाटाड्या कदाचित तिथे थांबवेल. उशीर झाला तर काळजी करू नका. म्हणजे पाण्यात कोणीतरी आहे आणि ते वाट देईपर्यंत चहा चाललाय.